हुंगेबाईंची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. पोट मोठं, गळा आखूड, डोक्यावर काचेचंच झाकण आणि ते आवळून धरायला तारेची कडी. दिसायला मी अगदी साधी आहे. पण माझा धंदा ऐकलात तर तुम्ही जरा सावरून बसाल. मी संशय घेते. आयुष्यातली उमेदीची सगळी वर्षं मी तेच काम केलं. माझ्या पोटात वस्तू कोंडायची, मला उन्हात ठेवायचं आणि मग झाकण उघडून ती वस्तू खरी की खोटी ते हुंगून बघायचं, यासाठी मला घरात ठेवलं होतं.

तुम्ही आत्ता गालातल्या गालात हसताय, अशीही मला शंका आहे. असो.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेली काच साच्यात पडली, वरून हवेचा झोत आला आणि मी फुगले. जरा थंड होतेय तोच एका माणसाने मला उचलून उजेडासमोर धरलं. माझ्या बुडाशी एक बारीक बुडबुडा अडकला होता. "ही दुय्यम मालात टाका," तो म्हणाला. म्हणजे बघा, जन्मल्या जन्मल्या पहिला संशय माझ्यावरच घेतला गेला. ते मी अजून विसरलेले नाही.

दुय्यम माल म्हणून मी एका कोपऱ्यावरच्या दुकानात आले. तिथे माझ्यात रंगीत गोळ्या असायच्या. दुकानदार काका गिऱ्हाइकांशी बोलत असले तरी त्यांची एक नजर माझ्या झाकणावर आणि मुलांच्या हातांवर असायची. पुढे गोळ्या कागदात गुंडाळून यायला लागल्या, प्लॅस्टिकच्या हलक्या बरण्या आल्या आणि मी मागच्या फळीवर गेले. माझ्यात खिळे राहिले, मग मेणबत्त्यांचे तुकडे राहिले, शेवटी नुसती धूळ. काका थकले तेव्हा त्यांनी दुकान विकलं. नव्या मालकाने फळ्यांना पॉलिश करायला एक कारागीर बोलावला. त्याने मला हलवून बघितलं, झाकण लावून बघितलं आणि मालकाला विचारून घरी नेलं.

या कारागिराला मी बाबा म्हणते, कारण त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची. घरात ही दोघंच. बाबा पॉलिश करून आले की कापसाचे बोळे माझ्यात टाकून झाकण लावायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते कडक होत नसत. लाख, स्पिरिट, थिनर असलं सगळं त्या बोळ्यांत मुरलेलं असे. पॉलिश ओलं असताना त्यावर धूळ बसू नये म्हणून बाबा दारं-खिडक्या लावून घेत आणि आत तासन् तास हात चालवत. त्यांचे डोळे कायम लाल असायचे. लोक म्हणायचे, काय चकाकी आहे! डोळ्यांबद्दल कुणी विचारत नसे.

मुलगी तेव्हा खोल्यांची अंतर्गत सजावट शिकत होती. एके दिवशी मी बोळ्यांसकट खिडकीतल्या उन्हात राहिले होते. तिला चित्रांचे ब्रश ठेवायला भांडं हवं होतं, म्हणून तिने माझं झाकण उघडलं आणि झटक्यात तोंड फिरवलं.

"बाबा, काय ठेवलंय यात?"

"बोळे. का ग?"

"अहो, डोळ्यांतून पाणी आलं माझ्या! तुम्हाला वास येत नाही?"

"कसला वास?"

तिने मला त्यांच्या नाकाखाली धरलं. बाबांनी चांगला लांब श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "काही नाही येत. साफ आहे बरणी."

मुलगी स्वयंपाकघरात गेली. तिने बाबांना डोळे मिटायला लावले आणि नाकाशी आधी कापलेला कांदा धरला, मग कॉफीची पूड, मग साबण. बाबांना एकही ओळखता आलं नाही. तिचा चेहरा पडलेला बघून तेच तिची समजूत घालायला लागले. "असेल गेला वास कधीचाच. आपल्याला कुठे अत्तरं विकायचीत?"

मुलगी हसली नाही. तिने बोळे बाहेर फेकले, मला गरम पाण्याने धुतलं आणि उन्हात उपडं घातलं. काच वास धरून ठेवत नाही, हा माझा मोठा गुण. त्या दिवसापासून माझं खरं काम सुरू झालं.

ती मुलगी पुढे मोठी झाली, स्वतः कामं घ्यायला लागली. सुतार, रंगारी, माल पुरवणारे सगळे तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे हुंगेबाई. मी तिला ताईच म्हणणार. तिचा एकच हट्ट होता. जिथे माणसं राहणार, झोपणार, शिकणार, तिथे विषारी काही लागता कामा नये. कुणी फळी आणली, रंग आणला, गालिचा आणला, चिकटवायचं काही आणलं, की त्याचा तुकडा आधी माझ्यात यायचा. मला धुणं, वाळवणं, तुकडा टाकून खिडकीत ठेवणं ही कामं बाबांनी स्वतःकडे घेतली होती. पॉलिश त्यांनी सोडलं होतं. "नाक तुझं, हात माझे," ते म्हणायचे. पुरेसं ऊन लागलं की ताई कडी उघडायची, डोळे मिटायची आणि हुंगायची. डोळे मिटल्याशिवाय तिला नीट वास यायचाच नाही.

एक प्लायवाला होता. फार गोड बोलायचा. त्याच्या प्रत्येक फळीवर हिरव्या पानाचा शिक्का असे.

"ताई, डोळे झाकून घ्या. एकदम नैसर्गिक. बाळाने चाटली तरी काही होणार नाही."

"बाळं फळ्या चाटत नाहीत, श्वास घेतात," ताई म्हणाली. "तुकडा द्या."

तुकडा त्याने खिशातूनच काढला. अगदी तयार! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तो तुकडा माझ्यात राहिला, तापला, आणि झाकण उघडलं तर कसलाच वास नाही. लाकडाचासुद्धा नाही. ताईच्या कपाळावर आठी पडली. तिने माल मागवला खरा, पण टेम्पो आला तेव्हा ती स्वतः त्यात चढली, मधल्या थरातली फळी ओढून काढली आणि तिचा कोपरा कापून घेतला.

"ताई, आमच्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे. फळीवर नाही."

या खेपेला झाकण उघडलं आणि ताई खोकतच मागे सरली. खिशातला तुकडा त्याने म्हणे कित्येक महिने गच्चीवर वाऱ्यात ठेवून दिला होता. पकडला गेल्यावर म्हणाला, "अहो, काही महिन्यांनी जातोच हो वास."

"जातो म्हणजे कुठे जातो? खोलीतल्या माणसांच्या छातीतच ना?"

सगळा माल परत गेला. माझं नाव झालं. लोक मला बघायला यायचे. कुणी विचारायचं, नैसर्गिक असेल तर चालेल ना? ताई सांगायची, नैसर्गिक या शब्दाने हुरळून जाऊ नका. संत्र्याच्या सालीपासून काढलेलं एक पातळ द्रव्य माझ्यात आलं होतं. वास इतका सुरेख की चाखून बघावंसं वाटे, पण ताईचे डोळे चुरचुरायला लागले. आणि काही विषांना वासच नसतो, तिथे माझं काही चालत नाही. तशी शंका आली की ती तुकडे तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवायची. एरवी चुन्याची सफेदी, मातीचा गिलावा, जवसाचं तेल, मधमाश्यांचं मेण ही माझी जुनी ओळखीची मंडळी झाली होती. त्यांना मी आत येतानाच ओळखायची.

पण मित्रांनो, संशयाला एकदा मान मिळायला लागला की तो पाय पसरतो. ताई आता पाहुण्यांनी आणलेली खेळणी हुंगायची. शेजारणीने प्रेमाने दिलेले पडदे तिने बाहेर दोरीवर टाकले आणि ते तिथेच विटले. कुणी नवा शर्ट घालून आलं तर ती जरा लांब बसायची. बाबा एकदा म्हणाले, "अगं, माणसं येईनाशी होतील." ती म्हणाली, "येऊ देत की. नव्या कपड्यांत नकोत." बाबा हसले. मला मात्र ते हसणं जरा कसंनुसं वाटलं.

ताईची आई लवकर गेली होती. तिच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत सोडलं ते मावशीने. मावशीचा मुलगा ताईपेक्षा थोडा मोठा, ती त्याला दादा म्हणे. या दादाने चांगली नोकरी सोडून गावाबाहेर एक छोटा कारखाना काढला. शेतकरी गव्हाचं काड जाळून टाकतात. दादा ते विकत घ्यायचा आणि तापवून, दाबून त्याच्या जाड फळ्या करायचा.

"गोंद कुठला घालतोस?" ताईने पहिल्याच दिवशी विचारलं.

"गोंद नाहीच. तापवून दाबलं की काड आपोआप एकमेकांना धरतं. वरच्या कागदाला तेवढी पिठाची खळ."

"दादा, मी आहे. मला तरी खरं सांग."

"तुला खोटं सांगून जाऊ कुठे? आई आणि तू मिळून मला झोडपाल."

त्याच सुमारास ताईला एका पाळणाघराचं काम मिळालं. जागा नवी, मुलं अगदी लहान. तिथल्या मोठ्या बाई शिस्तीच्या. आडभिंती, कप्पे, मुलांचे बुटके पलंग, सगळं दादाच्या फळ्यांचं करायचं ठरलं. दादाची ती पहिली मोठी मागणी होती. त्याने आधीच रात्रंदिवस यंत्र चालवून फळ्या रचून ठेवल्या होत्या. राहिली होती फक्त माझी परीक्षा.

त्या दिवशी सकाळी बाबा मला धूत होते. माझ्या झाकणाखाली रबराची एक रिंग असते, तिच्यामुळे हवा आत-बाहेर होत नाही. ती जुनी रिंग त्यांना चिरलेली दिसली. बाबांनी आपली हत्यारांची पेटी उघडली, मोटारीच्या चाकाची एक जुनी ट्यूब काढली आणि कात्रीने तिची अगदी माझ्या मापाची रिंग कापली. आपल्या हातात अजून कसब आहे याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होता. बसवण्याआधी त्यांनी ती सवयीने नाकाशीही धरली. मग समाधानाने मान हलवली, रिंग चढवली, आत दादाच्या फळीचा तुकडा टाकला आणि मला उन्हात ठेवलं.

ऊन चढलं तशी ती रिंग तापली आणि मी गुदमरले. काडाचा मंद, सुका वास कुठल्या कुठे गेला. माझं पोट त्या करपट, चिकट वासाने भरून गेलं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण बरणीला कोण तोंड देणार? गळा दिला तेवढाच.

ताईने कडी उघडली, डोळे मिटले, हुंगलं. 

"गोंद आहे," ती म्हणाली.

"दादाच्या फळीत?" बाबांनी विचारलं.

"बाबा, इतकी वर्षं हेच करतेय मी."

तिला गोंदाचीच शंका होती, म्हणून तिला गोंदाचाच वास आला. फोनवर दादा आधी हसला. मग त्याला कळलं की ही थट्टा नाही.

"अगं, शपथ घेऊन सांगतो."

"शपथा प्लायवालाही घ्यायचा."

दादा धावत आला. त्याने तिच्यासमोर नवा तुकडा कापून दिला. मला धुतलं, वाळवलं, पुन्हा ऊन दाखवलं. काच धुतली जात होती, रिंग जागच्या जागी. पुन्हा तोच वास. दादाने स्वतः हुंगलं आणि त्याचा चेहरा उतरला. "येतोय खरा," तो पुटपुटला. तिथून तोही बदलला. त्याला आधी कागदवाल्याचा संशय आला, मग यंत्रावर काम करणाऱ्या जुन्या माणसाचा. चुकून काही मिसळलंस का, असं त्याला दहादा विचारलं. तो माणूस स्वाभिमानी होता. त्याने हात पुसले आणि तो काम सोडून गेला. दादाने कारखान्याला कुलूप लावलं.

ताईने दुसऱ्यांचा माल मागवला. बुचाच्या सालीच्या लाद्या आल्या, त्यांना वास. चुन्याच्या सफेदीचा टवका आला, त्यालाही वास. "सगळे एकमेकांना मिळालेले आहेत," ताई म्हणायची. तिला झोप लागेना. ज्याच्या त्याच्याशी तिचं वाजायला लागलं.

शेवटी पाळणाघराच्या मोठ्या बाई घरी आल्या. "तुमच्या या बरणीपुढे पास होईल असं जगात काहीच उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "जुन्या जागेची मुदत संपली. मुलांना काय मी रस्त्यावर बसवू?"

"तुम्हाला हवं ते करा," ताई म्हणाली. "मला आता कुणाचीच खात्री देता येत नाही."

मोठ्या बाईंनी काय करावं? जो माणूस ताबडतोब माल द्यायला तयार होता त्याच्याकडून घेतला. तो माणूस म्हणजे तोच, हिरव्या पानाचा शिक्का मारणारा.

आणि मग एका दुपारी मावशी आली. दारातच उभी राहिली.

"आत ये ना," ताई म्हणाली.

"आत यायला आले नाही. एवढंच विचारायला आले, माझ्या मुलाने तुझं काय वाकडं केलं?"

"मावशी, बरणी खोटं बोलत नाही."

"बरणी बोलते कुठे? बोलतेस तू! सगळ्या बाजारात बोललीस. दादाच्या फळ्यांत गोंद आहे म्हणून. तो दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, जेवत नाही. आपलं माणूस म्हणून एकदा तरी वाटलं नाही का तुला, की चूक दुसरीकडेच कुठे असेल?"

बाबांनी पाणी पुढे केलं, ते मावशीने घेतलं नाही. ती गेली तरी ताई दाराकडेच बघत होती. मग ती उठली आणि मागच्या अंगणात गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक दगड होता. साधा, मुठीएवढा, अंगणात पडलेला दगड. तिने तो घासून धुतला, वाळवला आणि माझ्यात ठेवला.

तिच्या मनात काय होतं ते मला तेव्हाच उमगलं. दगडाला विकणारा नसतो. त्याच्यावर शिक्का नसतो. त्याला कुणी काही फासलेलं नसतं. सगळे मिळालेले असतील, पण दगड कुणाला मिळणार?

ऊन लागल्यावर तिने कडी उघडली. डोळे मिटले, हुंगलं. तोच करपट, चिकट वास. ताईने डोळे उघडले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे संशयाने बघितलं. तिने दगड बाहेर काढला. माझ्या पोटाशी नाक नेलं, गळ्याशी नेलं, मग झाकण उलटं केलं. काळीकुळकुळीत नवी रिंग तिच्या समोर होती.

बाबा खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होते.

"बाबा, ही रिंग तुम्ही बसवलीत?"

"हो. जुनी चिरली होती. घट्ट बसलीय ना?"

मला वाटलं, ही आता बाबांचं मन राखायला काहीतरी भलतंच सांगेल. पण तिने तसं केलं नाही.

"घट्ट बसलीय. पण हिला वास आहे, बाबा."

बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. त्यांना सगळं लक्षात यायला वेळ लागला नाही.

"मी हुंगून बघितली होती ग."

ताई त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांचा हात धरून ठेवला. "हुंगायचं काम माझं होतं," ती म्हणाली. "जगातलं सगळं मी यात घालून हुंगलं. नुसती रिकामी बरणी एकदाही हुंगली नाही."

दोघं मला पिशवीत घालून दादाच्या घरी निघाली. दार मावशीने उघडलं. ताईने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं, कुठे काही लपवलं नाही. बाबाही म्हणाले, "रिंग मी लावली होती." दादा आतून ऐकत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग होता आणि त्याखाली थोडी सुटकाही होती.

"म्हणजे आता पुन्हा तपासायचं?" तो म्हणाला. "तपासू. पण तुझ्या बरणीत नाही. तिच्यावर माझा विश्वास नाही. तुझ्यावरही सध्या नाही."

हे ऐकून माझी काच थंड पडली. पण त्याला दोष कसा देणार?

मावशीने आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन बरण्या रिकाम्या केल्या. दादाने त्या स्वतः उकळत्या पाण्याने धुतल्या आणि झाकणांखाली धुतलेलं सुती कापड घातलं. एकीत फळीचा तुकडा टाकला, दुसरी रिकामीच ठेवली. दोन्ही गच्चीत उन्हात गेल्या. मला त्याने लांब, सावलीत ठेवलं. दिवसभर तो त्यांच्या शेजारून हलला नाही. ताई जवळ आली तरी त्याचे डोळे तिच्या हातांवर असायचे, पूर्वी दुकानात काकांचे मुलांच्या हातांवर असत तसे.

आधी रिकामी बरणी उघडली. काही नाही. मग दुसरी. दादाने हुंगलं, मावशीने हुंगलं, मग ताईने. सवयीने बरणी बाबांकडेही गेली. त्यांनी श्वास घेतला आणि ताईकडे बघितलं.

"कसला आहे?"

"काडाचा, बाबा. ऊन लागलेल्या, सुक्या काडाचा. बाकी काही नाही."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. ज्याला स्वतःला वास येत नाही त्याला दुसऱ्याच्या शब्दावरच राहावं लागतं. बाबा तसे किती वर्षं राहत होते, आणि एकदाही त्यांनी ताईला 'नक्की ना' असं विचारलं नव्हतं. त्या गच्चीत हे मला पहिल्यांदाच जाणवलं.

ताई तिथून थेट पाळणाघरात गेली. मुलं तिथे कधीचीच यायला लागली होती. खिडक्या बंद होत्या. मोठ्या बाई म्हणाल्या, मुलं हल्ली सारखी डोळे चोळतात, किरकिर करतात, झोपत नाहीत. नवी जागा म्हणून असेल असं त्यांना वाटलं होतं. ताईने आधी भराभर सगळ्या खिडक्या उघडल्या. मग मुलांना न्यायला आलेल्या आईवडिलांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चांगल्या मालावर मी खोटा ठपका ठेवला, म्हणून हा माल इथे आला. चूक माझी आहे. मुलांना दुसऱ्या जागी हलवा, हे सगळं मी काढून घेते." काही जण फार बोलले. एक आजोबा तर म्हणाले, "हुंगेबाई म्हणे! नाक कुठे गहाण टाकलं होतंत?" तिने सगळं ऐकून घेतलं.

हिरव्या पानाच्या फळ्या निघाल्या. दादाने कुलूप काढलं आणि पलंग, कप्पे, आडभिंती नव्याने उभ्या राहिल्या. भिंतींना मातीचा गिलावा झाला. मुलं परत आली आणि दुपारी झोपायला लागली. हे सगळं छान झालं. पण सगळंच पूर्ववत झालं असं मी म्हणणार नाही. दादा त्या जुन्या कामगाराच्या घरी माफी मागायला गेला. त्याने चहा दिला, नीट बोलला, पण कामावर परत आला नाही. मावशी ताईशी बोलते, पण ताई तिच्याकडे गेली की पाण्याचा पेला पुढे करून म्हणते, "घे. हुंगून घे." सगळे हसतात. ताईही हसते, आणि पाणी एका दमात पिऊन टाकते.

आता माझं वय झालं आहे. गळ्याला एक बारीक तडा गेला आहे, म्हणून मला जड काही देत नाहीत. रंगाचे टवके, कापडाचे तुकडे एवढंच. झाकणाखाली सुती कापड असतं आणि बाबा तेही दर खेपेला उकळून घेतात.

मित्रांनो, तुमच्या घरी नवं कपाट आलं, भिंतीला नवा रंग लागला, तर खिडक्या उघडा. कशाचं केलंय, कशाने चिकटवलंय, हे धीटपणे विचारा. पान, फूल, झाड यांची चित्रं बघून भुलू नका. संशय घ्यायला लाजायचं काहीच कारण नाही. पण ज्याने पारख करता ते भांडं, ते नाक, ते मन आधी साफ करा. आणि आपल्या माणसाला दोषी ठरवण्याआधी अंगणातला एखादा दगड आणून बघा. एवढं कराल तर मला पुरे. आणि हो, जमलं तर जुन्या बरण्या फेकू नका.

ताईच्या खिडकीत आता माझ्या शेजारी माझ्याच मापाची आणखी एक बरणी असते. तिच्यात कधीच काही ठेवत नाहीत. ती माझ्याबरोबर धुतली जाते, माझ्याबरोबर उन्हात बसते, आणि ताई आधी तिचं झाकण उघडते, मग माझं. ती खरोखर रिकामी आहे ना, अशी शंका मला अजूनही येते. म्हणून तिची कडी वाजली की मी कान टवकारते आणि ताईच्या चेहऱ्याकडे बघत राहते.